बिनतारी फोनची समुद्रातली तार

आजीला एकदा विचारा, “आपल्याकडे पहिला फोन कधी आला?” नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली, ते ती रंगवून सांगेल. पण एवढ्या मुश्किलीनं आलेल्या फोनची तारच नाहीशी झाली तर?

लायबेरियात तसंच घडलं. पश्चिम आफ्रिकेतला, अटलांटिक महासागराकाठचा हा छोटा देश. राजधानी मन्रोव्हिया. १९८९ ते २००३ या काळात तिथे दोन यादवी युद्धं झाली आणि टेलिफोनच्या तारांची, एक्स्चेंजांची पार वाताहत झाली. मग नव्या तारा ओढत बसण्यापेक्षा लोक सरळ मोबाइलकडे वळले. एक टॉवर उभा केला की आसपास सगळीकडे फोन लागतो. घरोघर तार न्यायला नको!

पण थांबा. तुमच्या हातातल्या मोबाइलपासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, हे खरं. पुढे परदेशात बोलायचं, इंटरनेट वापरायचं, तर देशाबाहेर जाणारी वाट हवी. लायबेरियाला ती फक्त उपग्रहांमार्फत होती. असे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावर असतात. संदेश वर जाणार, खाली येणार, म्हणजे ७२ हजार किलोमीटर! तुमचं ‘हॅलो’ पोचायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. शिवाय खर्च भरमसाट.

नोव्हेंबर २०११मध्ये मन्रोव्हियाच्या किनाऱ्याला समुद्रातून एक केबल येऊन लागली. ‘आफ्रिका कोस्ट टू युरोप’, थोडक्यात ‘एस’, असं तिचं नाव. फ्रान्सपासून आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं ती जाते. तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. आपलं बोलणं, चित्रं, पत्रं प्रकाशाच्या रूपात त्यातून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं धावतात.

आता १४ मार्च २०२४चा दिवस पाहा. कोत दिव्वार देशातल्या आबिजान शहराजवळ समुद्राखाली चार केबली एकाच वेळी निकामी झाल्या. ‘एस’ त्यातलीच एक. समुद्राचा तळ सरकला असावा, असा अंदाज होता. लायबेरिया, घाना, बेनिन अशा कितीतरी देशांत इंटरनेट मंदावलं, कुठे बंदच पडलं. घानाकडे पाच केबली होत्या, म्हणून निदान एक तरी शाबूत राहिली. मग दुरुस्तीची जहाजं निघाली. तुटलेली टोकं तळातून वर ओढायची, केसाएवढे तंतू जोडायचे आणि केबल पुन्हा खाली सोडायची. सगळं सुरळीत व्हायला काही आठवडे लागले.

यातून काय कळतं? देशाला जगाशी जोडणारे दोर एकाहून जास्त हवेत आणि ते वेगवेगळ्या वाटांनी गेलेले हवेत. सगळे एकाच जागेवरून गेले, तर एका धक्क्यात सगळेच तुटायचे!

आपल्या मुंबईच्या किनाऱ्यालाही अशा केबली येऊन लागतात बरं का. आता तुम्हीच सांगा, मोबाइलला ‘बिनतारी’ म्हणायचं का?