अंतर थोडे, अडचण प्लगची : जालन्यात विजेची स्कूटर कितपत व्यवहार्य?

जालना : विजेवर चालणाऱ्या स्कूटरची चर्चा निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ पुण्या-मुंबईत हा प्रश्न रास्त आहे. जालन्यात तो बहुतांशी गैरलागू ठरतो. कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले हे शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडायला दुचाकीस्वाराला फार वेळ लागत नाही. नव्या जालन्यातून गांधी चमनपर्यंत, भोकरदन नाक्यावरून मामा चौकापर्यंत, अंबड चौफुलीपासून औद्योगिक वसाहतीपर्यंत अशा रोजच्या फेऱ्या जोडल्या, तरी सर्वसाधारण नोकरदाराचे दिवसाचे अंतर दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. तीन युनिट क्षमतेची बॅटरी असलेली स्कूटर प्रत्यक्ष रस्त्यावर ८० ते ९० किलोमीटर चालते, असे धरले तर या शहरात ती आठवड्यातून एकदा-दोनदा चार्ज केली तरी पुरावी.

मग व्यवहार्यतेचा प्रश्न मिटला, असे म्हणायचे काय? तसे म्हणता येत नाही. किंबहुना, जालन्यासारख्या शहरात या वाहनाचे गणित महानगरांपेक्षा अगदी वेगळ्या ठिकाणी अडते, आणि वाहन कंपन्यांच्या जाहिरातींत किंवा सरकारी धोरणांत त्याचा विचार अभावानेच आढळतो.

प्रथम पैशाचा हिशेब. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि साध्या स्कूटरचे शहरातील सरासरी ४५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे २ रुपये ३३ पैसे खर्च येतो. विजेच्या स्कूटरला चार्जिंगमधील गळती धरून एका युनिटमध्ये ३० किलोमीटर मिळतात असे समजू. येथे एक बाब सहसा नजरेआड होते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. ज्या घरात महिन्याला शंभर युनिट आधीच जळतात, तेथे स्कूटरचे युनिट पहिल्या स्वस्त टप्प्यात न पडता १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात पडतात. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून या जादा युनिटची किंमत बाराच्या आसपास धरणे सुरक्षित. म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. जाहिरातीत सांगितल्या जाणाऱ्या ‘पंधरा-वीस पैशां’पेक्षा हा आकडा दुप्पट असला, तरी पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरमागे एक रुपया नव्वद पैसे वाचतातच.

आता हीच बचत दोन वेगवेगळ्या माणसांना लावून पाहावी. शहरातच राहणारा आणि रोज १२ किलोमीटर स्कूटर चालविणारा लिपिक, शिक्षक किंवा दुकानातील नोकर वर्षातील ३०० दिवसांत ३,६०० किलोमीटर कापतो. त्याची वार्षिक बचत होते ६,८०० रुपयांच्या जवळपास. विजेची गाडी घेताना पेट्रोलच्या गाडीपेक्षा २५ हजार रुपये जादा मोजले असतील, तर ते वसूल व्हायला पावणेचार वर्षे लागतात. बहुतेक प्रमुख कंपन्यांची बॅटरीवरील मूळ हमी तीन वर्षांची असते. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ती आठ वर्षांपर्यंत वाढवून देतात. म्हणजे जादा रक्कम न भरणाऱ्याची मूळ हमी संपते तेव्हा फरक फिटायचा बाकी असतो.

दुसरा माणूस अंबडहून रोज जालन्याला येणारा. येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर, वर्षाला १५ हजार किलोमीटर. त्याची बचत २८ हजार रुपयांच्या वर जाते आणि पहिल्याच वर्षात जादा किंमत वसूल होते. थोडक्यात, ज्या शहरात अंतर कमी असल्याने ही स्कूटर सोयीची, तेथेच अंतर कमी असल्याने ती फायद्याची नाही. आणि ज्याला ती खरोखर फायद्याची, तो शहराबाहेर राहतो. जालना जिल्ह्याच्या बाबतीत हा विरोधाभास किरकोळ नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १९ लाख ५९ हजार लोकसंख्येपैकी जेमतेम एकोणीस टक्के लोक शहरी भागात राहत होते. पोलाद कारखाने, बियाणे कंपन्या, मोंढा, बांधकामे या साऱ्यांवर रोज येणारा मोठा वर्ग बदनापूर, अंबड आणि आसपासच्या खेड्यांतून दुचाकीवरच येतो. पुण्या-मुंबईसारखी भक्कम सार्वजनिक वाहतूक या शहरात कधी उभी राहिली नाही. त्यामुळे दुचाकी ही येथे चैन नसून रोजीरोटीचे साधन आहे. पेट्रोलचे पैसे हा त्या माणसाच्या पगारातला पहिला कापला जाणारा हप्ता असतो.

वीज आहे, पण कोणत्या वाहिनीवर?

गावठाणात राहणाऱ्याची स्थिती त्यातल्या त्यात बरी. घर तळमजल्याचे, दारासमोर जागा, रात्रभर गाडी लावून ठेवायला कोणाची परवानगी नको. मुंबई-पुण्याच्या सदनिकाधारकाला वाहनतळात प्लग बसविण्यासाठी सोसायटीच्या सभेपुढे अर्ज करावा लागतो. त्या तुलनेत जालन्यातील कादराबादच्या गल्लीत किंवा एखाद्या खेड्यातील ओट्यावर हे काम सोपे आहे, हे मान्य करायला हवे. तथापि, शेतवस्तीवर राहणाऱ्याचे काय? तेथील वीज अनेकदा शेतीच्या वाहिनीवरून येते आणि शेतीच्या वाहिनीला ठरावीक तासच पुरवठा असतो. तोही कधी दिवसा, कधी रात्री. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज देण्याचे काम सुरू असले, तरी दिवसा वीज मिळाली तर स्कूटर त्या वेळी जालन्यात एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी उभी असणार!

भारनियमनाचा अनुभवही मराठवाड्याला नवा नाही. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण भागात बारा-बारा तास अंधार असे. पुढे परिस्थिती बरीच सुधारली. पण एप्रिल २०२२ मध्ये कोळसाटंचाईच्या काळात राज्यात पुन्हा भारनियमन करावे लागले तेव्हा ज्या वाहिन्यांवर वीजगळती आणि थकबाकी अधिक, त्यांच्यावर कपात अधिक, हेच सूत्र लावले गेले. नियमित बिल भरणारा ग्राहकही अशा वाहिनीवर असला तर भरडला जातो. दिवा गेला तर मेणबत्ती लावता येते. सकाळच्या पाळीला निघताना स्कूटर अर्धीच चार्ज झालेली आढळली, तर त्या दिवसाची हजेरीच जाते.

विशेष म्हणजे हे त्या जिल्ह्यात घडते, जेथील वितळभट्ट्या आणि रोलिंग मिल विजेच्या मोठ्या ग्राहकांत गणल्या जातात. लोखंडी सळ्यांच्या या नगरीत कारखान्यांना विजेचा रात्रीचा दर आणि दिवसाचा दर यांतील फरक तोंडपाठ असतो. भट्टी कधी तापवायची हे त्यावरच ठरत आले. घरगुती ग्राहकाला मात्र हे गणित अलीकडेच लागू झाले. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, हे त्यामागचे कारण. परंतु कामावर जाणाऱ्याची स्कूटर या वेळेत घरी नसते. स्वस्त वीज घरी आणि गाडी कामावर, अशी ही विसंगती आहे. कारखान्यांनी, बाजार समितीने, शासकीय कार्यालयांनी आपल्या वाहनतळावर साधे तीन पिनचे, नीट अर्थिंग केलेले प्लग बसविले, तर निम्मा प्रश्न सुटेल. पन्नास किलोमीटरला पावणेदोन युनिट लागतात. अंबडहून येणाऱ्या कामगारासाठी महिन्याला चाळीस-बेचाळीस. भट्टीच्या बिलात ते शोधूनही सापडणार नाहीत. याउलट, महामार्गावरील महागड्या जलद चार्जिंग केंद्रांचा स्कूटरवाल्याला फारसा उपयोग नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही, हे या निमित्ताने नमूद केलेले बरे.

अर्थिंग, उन्हाळा आणि वसईची घटना

अर्थिंगचा उल्लेख सहज आलेला नाही. जुन्या वाड्यांतील वायरिंग अनेक ठिकाणी जीर्ण आहे. खिडकीतून बाहेर काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर तीन-चार तास चार्जर चालविणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचाच प्रकार होय. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा पुढे मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. या आणि अशा घटनांनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्यांचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतर तयार झालेली गाडी आणि त्याआधीची गाडी यांत ग्राहकाने फरक करायला हवा, विशेषतः जुनी गाडी स्वस्तात विकत घेताना.

जालन्याचा उन्हाळा हा आणखी एक घटक. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्यावर दिवसभर उभी राहणारी गाडी भाजून निघते. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. उन्हातून आल्याबरोबर तापलेल्या बॅटरीला चार्जर लावणे तर टाळावेच. अर्धा-पाऊण तास गाडी सावलीत निवू देणे, बॅटरी काढता येत असेल तर ती झोपण्याच्या खोलीत चार्ज न करणे, या साध्या गोष्टी विक्रेत्याने गाडीच्या किल्लीबरोबरच सांगायला हव्यात.

तथाकथित ‘विनापरवाना’ स्कूटरचा मामला निराळा. अडीचशे वॉटपर्यंतची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या गाडीला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. साहजिकच विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक तिकडे वळतात. शहरातल्या शहरात ती चालून जाते. अंबड रस्त्यावर मालमोटारींच्या गर्दीत ताशी २५ च्या वेगाने जाणे धोक्याचे. म्हणून काही ठिकाणी या गाड्यांचा वेग बेकायदा वाढवून दिला जातो. २०२२ मध्ये परिवहन विभागाने अशा फेरफारांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडली होती. अशा गाडीला अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणे दुरापास्त, हे घेणाऱ्याच्या गावीही नसते.

अनुदानाची ओहोटी

ही स्कूटर यापूर्वीही एकदा येऊन गेली आहे. २००६ च्या सुमारास अहमदाबादच्या इलेक्ट्रोथर्म कंपनीची ‘यो’ आणि पाठोपाठ अनेक गाड्या बाजारात उतरल्या. शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या, वर्ष-दीड वर्षात त्या निकामी होत. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने अनुदान सुरू केले, मार्च २०१२ मध्ये ते थांबले आणि बाजार कोसळला. आजचे तंत्र त्या काळाहून निःसंशय सरस आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साडेअकरा लाखांच्या आसपास विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली, म्हणजे एकूण दुचाकींच्या सुमारे सहा टक्के. पण अनुदानाची ओहोटी या वेळीही सुरू आहे. जून २०२१ मध्ये प्रत्येक युनिट बॅटरीक्षमतेमागे १५ हजार रुपये असलेले केंद्राचे अनुदान जून २०२३ मध्ये १० हजारांवर, एप्रिल २०२४ मध्ये ५ हजारांवर आणि नंतरच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या दुसऱ्या वर्षी अडीच हजारांवर आले. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या लहान दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, तर विजेच्या गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. म्हणजे किमतीतील अंतर कमी होण्याऐवजी दोन्ही बाजूंनी ताणले गेले. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन आणि मोटार वाहन करातून सूट देऊन हे काही अंशी सावरले आहे.

या साऱ्यापेक्षा जालन्याच्या ग्राहकाला अधिक सतावणारा प्रश्न दुरुस्तीचा आहे. पेट्रोलची स्कूटर बंद पडली तर चौकाचौकात गॅरेज आहे. कार्बोरेटर साफ करणारा, प्लग बदलून देणारा कोणीतरी रविवारीही सापडतो. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, देखभाल कमी, हे खरेच. मात्र बिघाड झाला की तो बहुधा नियंत्रकात, बॅटरीच्या व्यवस्थापन यंत्रणेत किंवा संगणकप्रणालीत असतो आणि तेथे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हात घालता येत नाही. कंपनीच्या सेवाकेंद्रातच जावे लागते आणि सुटा भाग आला नाही तर गाडी तेथेच राहते. ही तक्रार जालन्यापुरती नाही. ओला इलेक्ट्रिकबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दहा हजारांवर तक्रारी आल्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली होती. महानगरात दुसरे सेवाकेंद्र गाठता येते. लहान शहरात ज्या कंपनीचे केंद्र बंद पडते, त्या कंपनीची गाडी टेम्पोत घालून साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागते. रोजंदारीवरील माणसाला चार दिवस गाडी नसणे म्हणजे वर्षभराच्या बचतीतला मोठा घास गेला.

योगायोग असा, की याच साठ किलोमीटरच्या परिसरात हा उद्योग आकार घेत आहे. बंगळुरूच्या एथर एनर्जीने वर्षाला दहा लाख गाड्यांची क्षमता असलेल्या कारखान्यासाठी २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक क्षेत्राची निवड केली. बजाजचा वाळूजचा कारखाना तर १९८५ पासूनचा. तेथून सुट्या भागांची साखळी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ जालन्यापर्यंत पोहोचायला अंतराची अडचण नाही. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून दुचाकी दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना नियंत्रक उघडायला आणि बॅटरीतील बिघाड शोधायला शिकविले, कंपन्यांनी निदानाची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना रास्त दरात दिली, तर अंबड चौफुलीवरचा मिस्त्रीही ही गाडी दुरुस्त करू शकेल. तोवर घराला स्वतःचे दार आणि अर्थिंग असलेला प्लग, सेवाकेंद्र शहरातच, आणि रोजचे अंतर पंचवीस किलोमीटरच्या वर, या तिन्ही गोष्टी ज्याच्या बाबतीत जुळतात, त्याने ही स्कूटर घ्यायला हरकत नाही. शहरात दहा किलोमीटर फिरणाऱ्याची चालू स्थितीतली पेट्रोल स्कूटर विकून नवी घेण्याची घाई मात्र आकडेवारीत बसत नाही.