ओपन सोर्सच्या देखभालीचे लेखाशीर्ष कुठे आहे?

प्रति,
मा. सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सरकारी कामकाजात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आपल्या मंत्रालयाने (तेव्हा ते विभाग होते) 2015 मध्ये जाहीर केले. ई-गव्हर्नन्सच्या निविदांमध्ये ओपन सोर्सचा विचार झालाच पाहिजे आणि तो पर्याय वगळायचा असेल तर कारण दिले पाहिजे, हा त्याचा गाभा. परवान्यांवरचा खर्च टळावा आणि सरकार कुठल्याही एका कंपनीच्या दावणीला बांधले जाऊ नये, हा हेतू रास्तच होता. सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोट असलेला माणूस म्हणून मला त्या धोरणाचा आनंद झाला होता. मात्र त्याचा सगळा भर सॉफ्टवेअर घेण्यावर आहे. घेतलेले राखायचे कोणी, तपासायचे कोणी आणि नवी आवृत्ती विश्वासाने बाहेर काढायची कोणी, याची तरतूद त्यात नाही. हे पत्र त्या तरतुदीसाठी आहे.

एक्सझेड युटिल्सचे प्रकरण आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असेल. तरी ते तपशिलाने सांगतो, कारण त्यातला धडा तपशिलातच आहे. फाइल दाबून लहान करणारे हे छोटे सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर असते. फिनलंडमधील लासे कोलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला ते सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: सुधारणा वेळेवर येत नाहीत, सूत्रे दुसऱ्याकडे द्या. हा बिनपगारी, छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे, असे कोलिन यांनी त्यांना सांगितले. त्याच्या आधीपासूनच 'जिया टॅन' हे नाव घेतलेले कोणीतरी नेटाने पॅच पाठवत होते. थकलेल्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, मदतीचा हात हवाच असतो. हळूहळू बदल स्वीकारण्याचे आणि शेवटी रिलीज काढण्याचे अधिकारही त्या नावाकडे गेले.

फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 आणि मार्चमध्ये 5.6.1 ही आवृत्ती निघाली. दोन्हींत चोरदरवाजा होता, आणि तो लपवला होता टेस्ट फाइलींमध्ये. दाबलेली फाइल खराब निघाली तर सॉफ्टवेअर कसे वागते, हे तपासण्यासाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली प्रकल्पात ठेवाव्या लागतात. त्या उघडून वाचायला कोणी जात नाही, कारण त्यात वाचण्यासारखे काही नसणे अपेक्षितच असते. त्या फाइलींतला मजकूर उकलून बिल्डमध्ये घुसवण्याची सुरुवात करणारी स्क्रिप्ट सर्वांना दिसणाऱ्या गिट रिपॉझिटरीत नव्हतीच. ती होती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. कोड वाचणाऱ्याला एक दिसत होते आणि वितरणासाठी टारबॉल उचलणाऱ्याच्या हाती दुसरेच पडत होते. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांत ही लायब्ररी आडवाटेने, दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरमध्ये पोचते. त्यामुळे विशिष्ट किल्ली जवळ असलेल्याला दूर बसून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हुकूम चालवता आले असते.

ते उघडकीला आणले आन्द्रेस फ्रॉइंड यांनी. हे पोस्टग्रेस डेटाबेसचे विकासक, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. डेबियनच्या अस्थिर (सिड) आवृत्तीवर ते पोस्टग्रेसची गती मोजत होते. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. 29 मार्च 2024 रोजी त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. धोक्याच्या मोजपट्टीवर या दोषाला 10 पैकी 10 गुण मिळाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो शिरण्याआधी हे घडले, म्हणून आपण वाचलो.

आपल्या सरकारचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची बॉस लिनक्स ही सरकारी कार्यालयांसाठी केलेली प्रणाली डेबियनवरच उभी आहे. डेबियनमध्ये जे शिरते ते उद्या आपल्याकडे येते.

हे एकच उदाहरण नाही. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' दोष बाहेर आला. इंटरनेटवरच्या असंख्य सुरक्षित व्यवहारांचा भार ज्या सॉफ्टवेअरवर होता, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे 2000 डॉलर. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जावा लायब्ररीत गंभीर छिद्र सापडले. ते बुजवताना स्वयंसेवकांना त्या एका महिन्यात चार आवृत्त्या काढाव्या लागल्या, कारण आधीच्या दुरुस्तीत काही तरी उरत होते. घाईत काढलेले रिलीज असेच असते. दोष सापडल्यावर जगाला दुरुस्ती दुसऱ्या दिवशी हवी असते. ती नीट तपासायला लागणारी माणसे आणि यंत्रे मात्र आधीच्या दहा वर्षांत कोणी पोसलेली नसतात.

मंत्रालय काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या अखत्यारीतील सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये एसबीओएमविषयी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वापरलेल्या घटकांच्या यादीविषयी, मार्गदर्शक सूचना काढल्या. 26 मे 2020 रोजी आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा सोर्स कोड खुला झाला आणि त्रुटी शोधणाऱ्यांसाठी बक्षिसेही जाहीर झाली. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण यादीमुळे फक्त कळते की आपल्या प्रणालीत एक्सझेड आहे. ते सांभाळणारा माणूस एकटा आहे का, थकला आहे का, त्याच्या रिलीजची पडताळणी कोणी करतो का, हे यादी सांगत नाही. कोड एकदा खुला करणेही अर्धेच काम आहे. लोकांच्या फोनवर गेलेली प्रत्येक आवृत्ती ज्या कोडमधून बनली, तो कोड त्याच दिवशी, त्याच आवृत्ती क्रमांकाने उपलब्ध हवा, आणि बाहेरच्या माणसाला तो बिल्ड करून ताळा जुळवता आला पाहिजे. एक्सझेडमध्ये नेमका हाच ताळा कोणी जुळवला नव्हता.

करारांचेही पाहा. ठेकेदार कंपनीला ओपन सोर्स घटकात दोष सापडला तर ती आपल्या प्रतीत दुरुस्ती करून मोकळी होते. मूळ प्रकल्पाकडे ती पाठवायची, टेस्ट केस लिहायची, मेंटेनरच्या शंकांना उत्तरे द्यायची, या कामाचे पैसे करारात नसतात. मग नवी आवृत्ती आली की जुनी दुरुस्ती पुन्हा करावी लागते. ते जमले नाही तर प्रणाली जुन्याच आवृत्तीवर अडकून पडते. गावच्या पाणी योजनेत टाकीचे उद्घाटन थाटात होते आणि पंप जळाल्यावर दुरुस्तीचे पैसे कोणाकडेच नसतात, तसलाच हा कारभार.

इतरांनी वाट काढली आहे. जर्मनीने 2022 मध्ये सॉव्हरिन टेक फंड उभा केला. त्यातून कर्लसारख्या मूलभूत सॉफ्टवेअरला पैसे मिळाले, ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाला 10 लाख युरो मिळाले. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. एक खासगी शेअर दलाल कंपनी ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याचे देणे लागते असे मानते. मग सरकारने मानायला काय हरकत आहे?

पैशांइतकेच श्रमही देता येतात, आणि काही श्रम फक्त आपणच देऊ शकतो. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांत अक्षरांची मांडणी हार्फबझ नावाचे ओपन सोर्स इंजिन करते. देवनागरी नीट उमटावी म्हणून त्याच्या विकासकांनी विकिपीडियातील लाखो शब्द गोळा केले आणि त्यांची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या इंजिनाशी ताडून पाहिली. हे काम भारताबाहेरच्या विकासकांनी पुढाकार घेऊन केले. 'दर्या' आणि 'दऱ्या' पडद्यावर वेगळे दिसले पाहिजेत, ळ चा क्रम शब्दांच्या याद्यांमध्ये योग्य जागी लागला पाहिजे, अशा टेस्ट लिहायला मराठी जाणणारा माणूस लागतो. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, आणि या शहरात टेस्टरची वानवा नाही.

म्हणून मागण्या मोजक्याच करतो. पहिली: ओपन सोर्सवर उभ्या असलेल्या प्रत्येक सरकारी प्रकल्पाच्या खर्चातला ठरावीक हिस्सा मूळ घटकांच्या देखभालीसाठी वेगळा काढा, आणि तो नव्या सुविधांवर न घालवता टेस्टिंग, रिव्ह्यू व रिलीजच्या कामावर खर्च करा. दुसरी: एसबीओएमच्या याद्या एकत्र करून सर्वाधिक प्रणाली ज्यांच्यावर टेकल्या आहेत असे घटक शोधा, आणि त्यातले किती एखाद्या-दुसऱ्या माणसावर चालले आहेत ते जाहीर करा. तिसरी: सी-डॅक आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रात (एनआयसी) स्वतंत्र बिल्ड यंत्रणा उभारा. तिने महत्त्वाच्या रिलीजचे टारबॉल रिपॉझिटरीशी ताडून पाहावेत, तेच बायनरी पुन्हा बनते का हे तपासावे आणि निकाल जगासाठी खुले ठेवावेत. चौथी: दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवणे ही निविदेतली बंधनकारक अट करा, आणि सरकारी अभियंत्याने त्यासाठी दिलेला वेळ कार्यालयीन काम म्हणून मोजा. पाचवी: भारतीय भाषांच्या टेस्ट केस लिहून हार्फबझसारख्या प्रकल्पांना द्या.

परदेशी स्वयंसेवकाला भारत सरकार पैसे कसे देणार, असा आक्षेप फायलीवर येईल. या पाचांपैकी चार मागण्यांना परदेशी पैसे पाठवावेच लागत नाहीत. पहिलीतही टेस्टिंग आणि रिव्ह्यूचे बरेच काम इथल्या अभियंत्यांकडून करून मूळ प्रकल्पाला देता येते. मोफत मिळणाऱ्या वस्तूवर खर्च का, असा दुसरा आक्षेप येईल. मोफत आहे तो परवाना. टेस्ट लिहिणाऱ्याचा आणि रिलीजवर सही करणाऱ्याचा वेळ कधीच मोफत नव्हता, त्याची किंमत आजवर दुसरे कोणीतरी भरत आले आहे.

महोदय, 2015 च्या धोरणात एका कलमाची भर घाला आणि पुढच्या अर्थसंकल्पात ओपन सोर्सच्या देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा. पहिल्या वर्षी रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरवर्षी मिळाली पाहिजे.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर टेस्टर, पुणे