पडदा कुणाचाही असो, नियम एकच

जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्रशासनाची अनुमती नसताना विद्यार्थ्यांच्या एका गटाने बीबीसीचा वादग्रस्त माहितीपट दाखविला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखालील हा स्वैराचार निषेधार्हच होता. परंतु दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपलेही अंगण तपासावे लागते.

१९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. १९७० साली के. ए. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्वतपासणी वैध ठरविली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षणसंस्थांना सवलत देते. पण प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील तरच. जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांनी दिलेली झुंज पाहिलेल्या आगरदांडा परिसरात एखाद्या महाविद्यालयाने शिवचरित्रावरील चित्रपटाला कोळीवाड्यातील ग्रामस्थांनाही बोलाविले, की ती सवलत संपते. मग हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावीच लागते. हेतू कितीही पवित्र असला तरी कायदा बदलत नाही.

शिस्त ही कार्यकर्त्याची ओळख आहे. आधी कागदपत्रे पूर्ण करावीत, मगच पडदा लावावा. नियम मोडणाऱ्यांना जाब विचारण्याचा नैतिक अधिकार नियम पाळणाऱ्यांनाच असतो.