ठराव पुरे, माल अडवा

दोस्तहो, या पाठिंब्याच्या ठरावांचा मला लई कंटाळा आलाय. 'ही सभा तीव्र निषेध करते.' टाळ्या, चहा, घरी. च्यायला, त्यानं कुणाचा तुरुंग उघडला?

चिलीचं बघा. ११ सप्टेंबर १९७३. सान्तियागोत राष्ट्राध्यक्षाच्या ला मोनेदा या वाड्यावर लष्कराच्या हॉकर हंटर विमानांनी आग ओतली. लोकांनी निवडून दिलेला आयेंदे आत मेला, पिनोशे खुर्चीत बसला. हजारो माणसं देशाबाहेर फेकली गेली. पासपोर्टावर 'एल' अक्षराचा शिक्का, म्हणजे माघारी यायचं नाही. शिक्का काय असतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

त्या विमानांची इंजिनं रोल्स-रॉइसची. ती दुरुस्तीला आली स्कॉटलंडात, ईस्ट किलब्राइडच्या कारखान्यात. १९७४ साली बॉब फुल्टन नावाचा तपासनीस म्हणाला, मी याला हात लावणार नाही. बाकीचे कामगार त्याच्या पाठीशी उभे राहिले. इंजिनं आवारात उघड्यावर गंजत पडली. १९७८ साली रात्री कुणीतरी ट्रक आणून ती उचलून नेली, तोवर चार वर्षं गेली होती. मी मशीनवर उभा राहणारा माणूस. समोर आलेलं काम नाकारताना मुकादमाचा चेहरा, गेटवरची नोटीस, घरातला रिकामा डबा कसा डोळ्यांपुढं नाचतो, ते मला ठाऊक आहे. ठराव लिहिणाऱ्या बाबूला नाही.

आणि हद्दपार माणसाची कीव करणारेही आहेत. 'सुटला बिचारा, परदेशात गेला.' सुटला? ओर्लान्दो लेतेलिएर वॉशिंग्टनात बसून पिनोशेविरुद्ध बोलत होता. २१ सप्टेंबर १९७६ ला त्याच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. सोबतची रॉनी मॉफिटही मेली. अमेरिकेच्या राजधानीत, भर दिवसा!

ब्रिटनचे आभार मानायला मात्र धावू नका. फुल्टनच्याच देशात थॅचरच्या सरकारनं १९८० साली चिलीला शस्त्रं विकायची बंदी उठवली. १९९९ साली पिनोशे लंडनजवळ अटकेत होता, तेव्हा ही बाई त्याचे आभार मानायला गेली. म्हणजे देश एकच, पण कारखान्यातला वेगळा आणि मंत्रालयातला वेगळा.

५ ऑक्टोबर १९८८ ला सुमारे ५६ टक्के लोकांनी पिनोशेला 'नाही' म्हटलं. ते मत आतल्यांचं. १९८३ पासून सान्तियागोच्या गरीब वस्त्यांनी रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या होत्या. बाहेरच्यांनी त्याचं श्रेय लाटू नये.

पुढच्या सभेत कुणी ठराव वाचायला उठला, तर त्याला एवढंच विचारा: भाऊ, तू कामाला कुठं आहेस, आणि तिथून काय बाहेर जातं?