सुट्या भागांचा हिशेब कोण देणार?

पोलीस दलाच्या आधुनिकीकरणाची चर्चा निघाली की सत्ताधाऱ्यांना नव्या बंदुकांची आठवण होते. खरेदीचे आकडे विधिमंडळात सांगता येतात, नवी हत्यारे संचलनात मिरवता येतात. परंतु जी बंदूक आज शिपायाच्या खांद्यावर आहे, तिची स्प्रिंग शेवटची कधी बदलली आणि बदलावयाची स्प्रिंग कोणत्या कपाटात आहे, हे कोणी विचारीत नाही.

‘एस.एल.आर.’ या नावाने पोलिसांत सर्वपरिचित असलेल्या रायफलीचेच उदाहरण घ्यावे. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवान दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी थ्री-नॉट-थ्री घेऊन लढला. त्यानंतर बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात बेल्जियन धर्तीची ही ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल तयार होऊ लागली. १९९० च्या दशकात सैन्यात ‘इन्सास’ आली आणि थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर यावा तशी जुनी रायफल पोलिसांकडे येत गेली. सदरा आला, गुंड्या आल्या काय?

ही रायफल चालते ती गोळीमागच्या वायूवर. नळीच्या छिद्रातून थोडा वायू वर येऊन दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि दस्त्यातील स्प्रिंगांच्या रेट्याने पुढची गोळी चढते. एक्स्ट्रॅक्टरची लहानशी स्प्रिंग मेली की पुंगळी आतच अडकते. दस्त्यातील स्प्रिंगा थकल्या किंवा मॅगझिनचे ओठ वाकले की गोळी नीट चढत नाही. वायू कमीजास्त करण्याची सोय बंदुकीतच आहे. तिच्या आधारे काही दिवस वेळ मारून नेता येते, पण त्याने झीज लपते, भरून येत नाही. मग अर्धस्वयंचलित म्हणून हाती दिलेले हत्यार ऐन प्रसंगी शिपायाला थ्री-नॉट-थ्रीच्या काळात नेऊन सोडते. कोकणातील पावसाळ्यात तर न वापरलेली स्प्रिंगही तेल-ग्रीस नसेल तर गंजते; तेव्हा भाग विकत घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते जपणेही.

भाग मिळेनासा झाला की एका बंदुकीचा काढून दुसरीला लावण्याचा मोह होतो. नोंदवहीत मात्र दोन्ही जिवंत राहतात! शिवाय प्रत्येक भाग असा हलविता येत नाही. बोल्ट ज्या पोलादी तुकड्यावर टेकून अडतो, तो निरनिराळ्या मापांत बनवलेला असतो आणि दर बंदुकीत मोजून बसवावा लागतो. ते अंतर वाढले तर पुंगळी फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो, आणि मागे शिपायाचा चेहरा असतो. हे काम मापकाठी जाणणाऱ्या आर्मोररचे आहे, भांडारातील कारकुनाचे नव्हे. परदेशी बाजारातून भाग आणावेत म्हटले, तर इशापूरच्या रायफलीचा प्रत्येक भाग बेल्जियन अथवा ब्रिटिश रायफलीशी जुळेलच असे नाही.

म्हणजे आधार उरतो तो सरकारी कारखान्यांचाच. कामगार संघटनांचा विरोध डावलून १ ऑक्टोबर २०२१ पासून या कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. कंपनी म्हटली की तिची नजर मोठ्या मागणीकडे जाणार. निवृत्तीला आलेल्या रायफलीच्या शे-दोनशे स्प्रिंगांसाठी यंत्रे कोण चालविणार? ती चालवावयाची तर राज्यांनी एकत्र येऊन मागणी नोंदविली पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना कसाबला धरले. त्या हल्ल्यानंतर नवी शस्त्रे आली, आणि प्रत्येक नव्या जातीबरोबर सुट्या भागांची आणखी एक यादी आली. गृहखात्याच्या मागण्यांवर पुढची चर्चा होईल तेव्हा विरोधी सदस्यांनी जिल्हावार विचारावे: भागांअभावी किती रायफली पडून आहेत, प्रशिक्षित आर्मोरर किती, आणि नव्या खरेदीच्या करारात सुट्या भागांची रक्कम वेगळी दाखविली आहे की नाही.