कृपादानाची प्रश्नपत्रिका

शंभराच्या वर प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते तीन असे चौकोन. मला लोकांसमोर बोलायला आवडतं का? दुसऱ्याचं दुःख पाहून मला रडू येतं का? हिशोब नीट ठेवता येतो का? आपणच खुणा करायच्या, आपणच बेरीज करायची, आणि ज्या रकान्याची बेरीज जास्त ते तुमचं कृपादान! गेल्या काही वर्षांत अंबरनाथ-बदलापूरकडच्या बऱ्याच चर्चमधून हे शिबिर फिरतंय. शनिवारचा अर्धा दिवस, जेवणासह फी, शेवटी प्रमाणपत्र.

मंडळी (म्हणजे तुम्ही वाचणारे हो, आमच्यात चर्चलाही मंडळीच म्हणतात), तुमच्यापैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत, म्हणून थोडं सांगते. देवाचा आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही देतो, आणि ते त्याच्या स्वतःसाठी नसून सगळ्यांच्या उपयोगासाठी असतं, अशी आमची श्रद्धा आहे. त्याला कृपादान म्हणतात. शिकवणं, बोध करणं, आजारी माणसासाठी प्रार्थना, दानधर्म, कारभार, अन्य भाषांत बोलणं... पौलाने रोमकरांना एक यादी दिली, करिंथकरांना दुसरी, इफिसकरांना तिसरी. तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मते त्याला अभ्यासक्रम नेमायचाच नव्हता. करिंथ ही भांडकुदळ मंडळी होती. माझं दान मोठं की तुझं यावरून तिथे चुरस होती, ती मोडायला त्याने लिहिलं. आणि आम्ही त्याच पत्रातून गुणपत्रिका तयार केली!

ही प्रश्नपत्रिका काही यरुशलेमहून आलेली नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात चर्चची संख्या कशी वाढवावी याचं एक शास्त्रच निघालं. त्यातले एक पुढारी पीटर वॅग्नर यांचं कृपादानांवरचं पुस्तक १९७९ साली आलं. अशा प्रश्नावल्यांचा प्रसार तेव्हापासूनचा. आमच्याकडे त्याचं मराठी भाषांतर आलंय, आणि तेही असं की वाक्य दोनदा वाचावं लागतं.

मी जन्मभर पेपर तपासले. विद्यार्थ्याने स्वतःच लिहून स्वतःच गुण दिलेला पेपर कुठल्या शाळेत चालतो सांगा. यात बडबड्याला "उपदेश" मिळतो आणि हुकूम सोडायची सवय असलेल्याला "नेतृत्व". गरीब स्वभावाची बाई प्रत्येक ठिकाणी एकचा चौकोन भरते, कारण स्वतःबद्दल बरं लिहायचं नसतं हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग तिची बेरीज येते कमी, आणि आपल्याकडे काही नाही अशी खूणगाठ बांधून ती घरी जाते. माझा राग आहे तो यावर.

शास्त्रात हे कसं घडलं ते बघा ना. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. ग्रीक बोलणाऱ्या यहुदी विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की तुमच्यातलेच सात चांगले लोक निवडा. लोकांनी निवडले. स्तेफन आणि फिलिप्प त्यातलेच. आधी गरज, मग लोकांची पारख, मग हात ठेवून प्रार्थना. पुढे अंत्युखियाची मंडळी वाढली तेव्हा बर्णबा उठून तार्सला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. शौलाचं दान शौलाने चौकोनात खूण करून नाही शोधलं, बर्णबाने ओळखलं.

आपल्याकडचं बघायचं तर लक्ष्मीबाई टिळक. शाळेत न गेलेली बाई, अक्षरओळख लग्नानंतर घरीच झाली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक गेले १९१९ मध्ये. नंतर मुलगा देवदत्त वडिलांच्या आठवणी लिहून दे म्हणून मागे लागला आणि त्यातून "स्मृतिचित्रे" झालं. १९३४ पासून ते भागाभागाने बाहेर आलं. टिळकांचं अपुरं राहिलेलं "ख्रिस्तायन" पुढे नेलं तेही याच बाईंनी. चाळिशीतल्या लक्ष्मीबाईंना कोणी हा फॉर्म दिला असता तर "लेखन" या रकान्यात त्यांनी काय भरलं असतं? मुळात तो रकाना फॉर्ममध्ये आहे कुठे!

आता दुसऱ्या बाजूबद्दलही बोलते, नाहीतर तिकडचे नातेवाईक खूश होतील. उल्हासनगर कॅम्पात दुकानांच्या वरच्या हॉलमधून ज्या प्रार्थनासभा भरतात, त्यातल्या काहींत अन्य भाषेत बोललं नाही तर माणूस अर्धा कच्चाच समजतात. तिथे फॉर्म नाही, पण परीक्षा आहेच. त्यांना केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास फार प्रिय. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमात मोठं आत्मिक जागरण झालं, पुढे मुलींनी अन्य भाषांत प्रार्थना केल्या, हे खरंच आहे. पण रमाबाईंनी तीच एक खूण असा हट्ट धरला नाही. त्या स्वतः काय करत बसल्या होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत आणत होत्या. १९२२ साली त्या वारल्या, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. आणि आश्रमाच्याच छापखान्यात खिळे जुळवायला होत्या तिथल्या मुली. मला विचाराल तर अन्य भाषांचं दान तेही होतं, आणि त्याला अर्थ सांगणारा वेगळा लागत नव्हता.

आमचा हा पट्टा असा की इथे बहुतेक सगळे बाहेरून आलेले. उल्हासनगर तर लष्करी छावणीत निर्वासितांनी वसवलेलं गाव. आमच्यातले कोणी नगरकडून (आता अहिल्यानगर) कारखान्यात नोकरीला आले, कोणी मुंबईत घर परवडेना म्हणून बदलापूरला. शेजारच्या बाकावर कोण बसतं ते दोन-दोन वर्षं माहीत नसतं. शिबिरवाले म्हणतात, म्हणूनच फॉर्म हवा, लाजऱ्या माणसाला निदान तोंड फुटतं. थोडं खरं आहे ते. पण एकमेकांना ओळखत नाही यावरचा उपाय माणसाला एकटं कागदासमोर बसवणं हा कसा?

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. त्यानंतरच्या दिवसांत कुणाच्या घरी किती माणसं आहेत, कोणाची औषधं भिजली, कोणाला भाकऱ्या पोचल्या नाहीत, हे सगळं तोंडपाठ असलेली एक बाई आमच्यात होती. कमिटीवर नव्हती. आजही नाही. कमिटीची निवडणूक आली की नावं त्याच त्या पाच-सहा घरांतली. ज्या बायकांच्या प्रमाणपत्रावर "कारभार" आलं, त्यांच्याकडे नाताळच्या चहाचा कारभार दिला. ज्यांचं "शिकवणं" आलं त्यांना संडे स्कूल, तेही शिशुवर्ग. व्यासपीठाच्या पायऱ्या तेवढ्या त्यांनी चढायच्या नाहीत. दान शोधायचं शिबिर घेता, आणि सापडलेलं दान कुठे ठेवायचं हे ठरवणारे मात्र तेच! मग शोधलंत कशाला?

आमच्या इथला एक मुलगा आयटीआय झालेला. माइक, पंखे, इन्व्हर्टर सगळं त्याच्याच जिवावर चालतं. फॉर्ममध्ये त्याची सगळीकडे बेरीज मध्यम आली, कारण वायरीबद्दल प्रश्नच नव्हता. निर्गम, अध्याय ३१ काढून वाचावा. देव मोशेला सांगतो की बसालेलला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, खडे जडवायला, लाकूड कोरायला. कारागीर होता तो.

आता पुढचं शिबिर होणार म्हणे. मी पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली आहे. फॉर्म वाटायचेच असतील तर कोरे वाटा. वर स्वतःचं नाव नको, मंडळीतल्या दुसऱ्या कोणाचं तरी लिहायचं, आणि खाली त्या माणसाने आपल्यासाठी काय केलं ते. कमिटीतल्या घरांची नावं लिहायची नाहीत. ते सगळे कागद वार्षिक सभेत मोठ्याने वाचायचे, निवडणुकीच्या आधी. खर्च एक रीम कागद. फी घ्यायची गरज नाही, जेवण आम्ही बायका करू... नाही, या वेळी पुरुषांनी करावं.