काट्याने आत्ताची दिशा सांगावी

छतावरची फिरती अँटेना दृष्टीआड असते, आणि ती कोणत्या दिशेस तोंड करून उभी आहे हे खोलीत बसलेल्या हौशी रेडिओचालकास जो काटा सांगतो, तो त्याने स्वतःच्या हातांनी घडवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र तो घडविताना एका गोष्टीची हयगय होता कामा नये: अँटेनेला कोणता हुकूम सोडला होता हे त्या काट्याने सांगावयाचे नसून, हुकूम तामील झाला असो वा नसो, ती या क्षणी प्रत्यक्षात कोठे आहे, हे सांगावयाचे आहे.

हा भेद रसायनीच्या माणसाला समजावून द्यावा लागू नये. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या आगमनापासून पाताळगंगेच्या काठी कारखान्यांची जी वस्ती वाढली, तीतील कोणताही जाणता इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक सांगेल की, कंट्रोल रूममधून आज्ञा सुटली म्हणजे व्हॉल्व्ह मिटला असे नव्हे. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात 28 मार्च 1979 रोजी जो अपघात झाला, त्यात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला होता. परंतु फलकावरचा दिवा केवळ बंद करण्याचा संकेत गेल्यामुळे विझला, चालकांनी व्हॉल्व्ह मिटला असे धरून चालले, आणि अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले. अँटेनेच्या चुकीने असा अनर्थ ओढवत नाही हे खरे; तथापि विचारातील दोष तोच आहे, आणि तो हौसेच्या कामातही खपवून घेऊ नये.

घरगुती दिशादर्शक करणारे पुष्कळ तरुण खांब फिरविणाऱ्या मोटारीच्या दांड्याला लोहचुंबक लावतात, शेजारी रीड स्विच बसवितात, आणि तो दांडा फिरला की पडणारे ठोके मोजतात. ही युक्ती स्वस्त आहे आणि कोरड्या हवेत, मेजावर, उत्तम चालते. परंतु वीज गेली असता मोजणी विसरली जाते, वाऱ्याच्या झोताने खांब पकडीत सरकला तर एकही ठोका पडत नाही, आणि काटा मात्र पूर्वीच्याच खात्रीने पूर्वीचीच दिशा दाखवीत राहतो. त्यापेक्षा रेडिओचा आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणामागे असतो तसला पोटेन्शिओमीटर खांबाशी जोडावा. तो पुरता 360 अंश फिरत नाही, म्हणून खांबावर 30 दात्यांचे चक्र आणि त्याच्या दांड्यावर 40 दात्यांचे चक्र बसवावे, म्हणजे खांबाचा एक फेरा त्याच्या 270 अंशांत सामावतो. दोन टोकांना पाच व्होल्ट दिले की मधल्या तारेवर दर अंशाला जवळजवळ 14 मिलिव्होल्ट मिळतात. साध्या मीटरचा काटा त्यावर हलतो, आणि आर्डुइनोला तर अंशाचा तिसरा हिस्सा ओळखता येतो. मात्र आर्डुइनोचा संदर्भ-व्होल्टही त्याच पाच व्होल्टांतून घ्यावा, म्हणजे पुरवठा खालीवर झाला तरी दोहोंचे गुणोत्तर ढळत नाही. प्रक्षेपण सुरू होताच काटा थरथरू लागला, तर मधली तार आणि जमीन यांच्यामध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. वीज जाऊन परत आली तरी हे यंत्र काहीच विसरलेले नसते, कारण त्याला मुळी स्मरण ठेवावेच लागत नाही. आणि खांब किती वळला हे निश्चित कळत असल्यामुळे केबलला पीळ बसून ती तुटण्याचा धोकाही टळतो.

मोबाइलमध्ये असते तसली होकायंत्राची चिप खांबालाच बांधण्याचा मोह कित्येकांस होतो. त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून, नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ते काम अलिबागेस हलविण्यात आले, आणि 1904 पासून तेथे, चुंबकत्व नसलेल्या साहित्याने बांधलेल्या इमारतींत, ते चालू झाले. एवढी तजवीज ज्या मोजमापासाठी करावी लागली, ते पोलादी खांबाला खेटून आणि मोटारीच्या चुंबकाशेजारी अचूक होईल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

होकायंत्र उत्तर ठरविण्यापुरते, खांबापासून दूर जाऊन, अवश्य वापरावे; आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नाव घेण्याजोगे अंतर नाही. रात्री आकाश निरभ्र असेल तर क्षितिजावर 19 अंशांवर ध्रुवतारा आहेच. तीन कांड्यांच्या यागी अँटेनेची शलाका सुमारे 60 अंश रुंद असते, तेव्हा चारपाच अंशांची चूक कोणी मनास लावून घेऊ नये. तबकडीवर मात्र भिंतीवरच्या नकाशावरून नव्हे, गोलावरून दिशा लिहाव्यात. रसायनीहून न्यूयॉर्क 333 अंशांवर, म्हणजे वायव्येच्याही उत्तरेकडे आहे, आणि सॅन फ्रान्सिस्को तर 14 अंशांवर, उत्तरेच्या किंचित पूर्वेस! पोर्ट ब्लेअर 108 अंशांवर येते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तेथे मुक्कामास असलेल्या भारतीय हौशी रेडिओचालकांनी अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचविले, हे ध्यानात घेता, तेवढी एक खूण तबकडीवर लाल शाईने करावी असे मला वाटते.

प्रक्षेपणासाठी सरकारी परीक्षा आणि परवाना लागतो, व ती परीक्षा बारा वर्षांवरील मुलांनाही देता येते; दिशादर्शक बांधण्यास मात्र कोणत्याच कचेरीचे दार ठोठावावे लागत नाही. म्हणून रसायनीच्या पिल्लई एचओसी अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि खालापूर-कर्जतकडच्या आयटीआयंनी हे काम विद्यार्थ्यांकडून कार्यशाळेत करवून घ्यावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पोटेन्शिओमीटरची डबी वरून घट्ट बंद आणि तळाशी बारीक भोक ठेवलेली असावी, कारण आत साचलेली वाफ बाहेरच्या पावसाहून अधिक नुकसान करते. ती मृगाआधी खांबावर चढवावी, आणि दिवाळीच्या सुटीत त्याच विद्यार्थ्यांनी उतरवून, उघडून, गंज कोठवर पोहोचला आहे ते पाहावे.